सहाव्यांदा पास

भाची : मामा, हा मासा सहाव्यांदा पास झालाय.

मामा : कुठला?

भाची : हा, शेपटीचा तुकडा पडलेला. हे बघ, मागच्या रिपोर्टातला फोटो. हा त्याच्या आधीचा. हा त्याच्याही आधीचा. प्रत्येक फोटोत हाच पुढे येऊन उभा आहे, वर्गाच्या फोटोत पहिल्या रांगेत बसणाऱ्या मुलासारखा.

मामा : हुशार असेल.

भाची : मला कॉलेजात एकच पेपर दोनदा द्यावा लागला, तर तू घरभर सांगत फिरलास. हा पठ्ठ्या दर तीन महिन्यांनी चार दिवस कारखान्याच्या सांडपाण्यात बसतो आणि धुतल्या तांदळासारखा बाहेर येतो. याचं कौतुक नाही का तुला?

मामा : अगं, गप्पी मासे सगळे सारखेच दिसतात. बोटाच्या पेराएवढा जीव. तुला आपला तोच वाटतो.

भाची : मला वाटत नाही. तू काल सकाळी त्याला नावाने हाक मारलीस. मी दाराशी होते. ‘तुटक्या, जागा हो रे, बाई येतील आता.’ बाई म्हणजे मीच ना?

मामा : इथे तू बाईच. साहेबांनी पहिल्या दिवशीच बजावलंय, मामा-भाची हे नातं गेटच्या बाहेर. म्हणून तर मी तुला चार लोकांत मॅडम म्हणतो. जीभ अडखळते, पण म्हणतो.

भाची : आत्ता चार लोक नाहीत. आपण दोघं आणि वीस मासे आहोत.

मामा : मासे कुणाला काही सांगत नाहीत.

भाची : तीच तर अडचण आहे. सांगायचं कामच त्यांना दिलं होतं.

मामा : तू चहा घेतलास का सकाळपासून? चहा घेतला नाही की तू तुझ्या आजीसारखी बोलतेस.

भाची : चहाचं मागाहून बघू. या परीक्षेचा नियम काय आहे, सांग.

मामा : मला काय विचारतेस? केमिस्ट तू. मी पंप चालवणारा माणूस.

भाची : सव्वीस वर्षं या प्लांटवर आहेस. सांग.

मामा : दहा मासे घ्यायचे. कारखान्यातून साफ होऊन नदीत जातं ते पाणी या टाकीत भरायचं. चार दिवस मासे त्यात ठेवायचे. नऊ जगले तर पाणी चांगलं. शेजारच्या टाकीत दुसरे दहा, साध्या पाण्यात, ताळा बघायला. झालं?

भाची : आणि एकदा परीक्षेला बसलेला मासा पुन्हा बसवायचा नाही.

मामा : हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि का बसवायचा नाही? सरावलेला मासा असेल तर बरंच की.

भाची : पाणीही बदलायचं नसतं, मामा.

मामा : कोण बदलतं?

भाची : मी आज सकाळी परीक्षेच्या टाकीत क्षार मोजायचा मीटर बुडवला. मग बोअरवेलच्या नळाखाली धरला. दोन्ही आकडे जुळ्या भावंडांसारखे. मग बाहेर जाऊन नदीत पडणाऱ्या पाण्यात धरला. आकडा सहापट.

मामा : मीटर जुना आहे. त्याचं काय खरं.

भाची : मामा.

मामा : आता मामा मामा काय करतेस? बदलतो मी पाणी. घाण झालं की बदलतो. तूही बदललं असतंस. घरी कुणी माशांची टाकी ठेवली तर पाणी बदलत नाहीत का? आम्हीच एकटे पापी?

भाची : कधीपासून?

मामा : पहिल्यापासूनच म्हण. तुझ्या आधीचे ते चष्मेवाले होते ना, त्यांनी या टाक्या आणल्या. आदल्या दिवशी मला बोलावून म्हणाले, ‘मामा, ही जबाबदारी तुमची. एकही मासा मरता कामा नये. मेला तर कारखाना अडचणीत येईल.’ आणि गेले चार दिवसांच्या रजेवर. आता मला सांग, साहेबाने सांगितलं मासा मरता कामा नये, तर मी काय करायचं? मी नाही मरू दिला.

भाची : म्हणजे शाळेतल्या शिपायाला सांगावं, एकही मूल नापास होता कामा नये, आणि त्याने सगळ्यांचे पेपर स्वतःच लिहावेत, तसं झालं.

मामा : तू तिथे नव्हतीस. मी होतो. सकाळी दहाच्या दहा सोडले. तासाभरात सगळे वर. तोंड पाण्याबाहेर काढून नुसते आ करत होते. मग एक आडवा झाला. मग दुसरा. तो तुटक्या तळाशी जाऊन गोल गोल फिरत होता, एकाच बाजूने. असं बघत बसायचं? वहीत आकडे लिहीत? माझ्याच्याने नाही झालं. उचलली बादली, बोअरचं पाणी आणलं, ओतलं. आठ जण उठून पोहायला लागले. मला वाटलं, जिंकलो.

भाची : दोन मेले ना? मग रिपोर्टात दहा जिवंत कसे?

मामा : दोन घरून आणले.

भाची : कुठून?

मामा : घरून म्हणजे... तुझ्या बाबांनी दिलेल्यातले.

भाची : बाबांनी दिलेले?

मामा : हे सगळे त्यांचेच आहेत, पोरी. विसाच्या वीस. दाजींनी मासे बंद केले तेव्हा एका पिशवीत उरलेसुरले घालून मला दिले. म्हणाले, ‘तुझ्याकडे ने, माझ्याकडे राहिले तर हेही मरतील.’ त्याच सुमारास इथे टाक्या आल्या. हा तुटक्याही त्यांचाच. याची शेपटी तिकडेच कुठल्याशा जाळीत अडकून तुटलीय.

भाची : मी इथे लागून दोन महिने झाले, हे तू मला सांगितलं नाहीस.

मामा : तू विचारलं नाहीस.

भाची : मी काय विचारायचं? ‘मामा, टाकीतले मासे आपल्या नात्यातले आहेत का?’

मामा : आता ओरडू नकोस. ते घाबरतात.

भाची : मी ओरडत नाहीये. मी आठवतेय. आजीला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हाचं. बाहेरच्या बाकावर सगळे बसलो होतो. बाबा म्हणाले, नदीच्या पाण्यात काहीतरी आहे, तिसऱ्यांदा सगळी पिल्लं गेली. आठवतंय तू काय म्हणालास?

मामा : दवाखान्यात माणूस काहीही बोलतो. डोकं ठिकाणावर नसतं.

भाची : तू म्हणालास, ‘दाजी, असलेच मासे आमच्या कारखान्याच्या पाण्यात टुणटुणीत पोहतायत, या आणि बघा. पाण्याला बोल लावू नका. तुमच्या हातालाच गुण नाही.’ सगळ्यांच्या देखत.

मामा : उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसरं काय.

भाची : तिथे कोपऱ्यात माशांची टाकी होती, काचेची, दिवा लावलेली. बाबा उठले आणि जागा बदलून तिच्याकडे पाठ करून बसले. तीन दिवस आम्ही तिथे होतो. तीन दिवस त्यांनी तिकडे एकदाही पाहिलं नाही. पंचवीस वर्षं शोभेचे मासे वाढवणारा माणूस.

मामा : मी पाहिलं होतं ते.

भाची : तेव्हा तुला माहीत होतं?

मामा : काय?

भाची : की पाणी वाईट आहे. की मासे त्या पाण्यात नाही, तुझ्या बादलीत जगतायत.

मामा : माहीत म्हणजे... पहिल्या वेळी वाटलं टाकी नवी आहे, तिचा काही दोष असेल. दुसऱ्या वेळी वाटलं ऊन जास्त आहे. तिसऱ्या वेळी काही वाटून घ्यायचंच सोडून दिलं. माणसाला एखादी गोष्ट कळायला नको असली की तो किती कामसू होतो, तुला नाही माहीत. मी बादल्या भरत राहिलो.

भाची : म्हणजे माहीत होतं.

मामा : लाज वाटते म्हटलं तर पुरे का? वाटते. दवाखान्यात बोललो तेव्हाही वाटली. बोलून झाल्यावर. आता तोंडातून गेलेला शब्द काय चिमट्याने परत आणू?

भाची : बाबा पुन्हा सुरू करतायत.

मामा : काय?

भाची : मासे. टाक्या घासून घेतल्यात. नव्या जोड्या आणून घरात ठेवल्यात, बादल्यांमध्ये. आई म्हणते, आंघोळीला बादली राहिली नाही. सोमवारी नदीवरची मोटर सुरू करून टाक्या भरणार आणि मासे सोडणार. मला म्हणाले, ‘आता माझी मुलगी तिथे लॅबमध्ये बसते. तिची सही असलेला कागद दाखव, मी डोळे मिटून पाणी घेतो.’

मामा : सोमवारी?

भाची : आज शुक्रवार. कागद आज चार वाजता जायचाय. आणि मी सही करायला बसले, तेवढ्यात हा तुटक्या समोर येऊन उभा राहिला.

मामा : मग सही करू नकोस.

भाची : बस? एवढं सोपं?

मामा : नाही म्हणजे, दाजींना सांग की अजून आठवडाभर थांबा. मोटर बिघडली म्हण. मीच जाऊन बिघडवून येतो. मोटरीतलं मला कळतं.

भाची : तू एकदा तरी नीट काहीतरी कर, मामा. सगळंच काय मागच्या दाराने.

मामा : नाकाने कांदे सोलू नकोस. पाणी एवढं वाईट असतं तर इतक्या तपासण्यांत दिसलं नसतं? दर महिन्याला पंधरा आकडे तूच लिहितेस. सगळे मर्यादेत. वर पाणी बघ, काचेसारखं. पूर्वी लाल जायचं, निळं जायचं, ज्या रंगाचं कापड त्या रंगाची नदी. लोक गेटवर येऊन ओरडायचे. आता ओरडतं का कुणी?

भाची : रंग कधी गेला?

मामा : दोन वर्षं झाली. तेव्हापासून शेवटच्या टाकीत क्लोरीन घालतो ना आपण. रंग साफ उडतो.

भाची : किती घालतोस?

मामा : पाटीवर लिहिलंय ना. पाळीला दोन मग.

भाची : पाटीवर काय लिहिलंय ते मला दिसतं. तू किती घालतोस?

मामा : चार. कधी पाच. तपासणीला कुणी यायचं असेल तर सहा. दोन मगांत जरा गुलाबी झाक राहते, बरं दिसत नाही. आणि क्लोरीनचा वास आला की माणसालाही वाटतं, चला, स्वच्छ झालं.

भाची : ही बाटली बघ. बाहेर पडणाऱ्या पाण्यात मी औषधाचे चार थेंब टाकले. गुलाबी झालं तर क्लोरीन आहे असं समजायचं. फिकट गुलाबीसुद्धा माशाला सोसत नाही. याला कुठला गुलाबी म्हणशील तू?

मामा : हे तर सरबत झालं.

भाची : आणि महिन्याच्या पंधरा आकड्यांत क्लोरीनचा रकानाच नाही. का नाही? कारण ते काम माशाचं. कागदावर जे निसटेल ते मासा पकडेल, म्हणून त्याला टाकीत सोडतात. तो मेला की आपण विचारायचं, बाबा रे, कशाने मेलास? आपल्याकडचा मासा मेलाच नाही. मग कुणी विचारलंच नाही.

मामा : थांब जरा. दाजी तर क्लोरीनच्या नावानेच बिचकायचे. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवल्याशिवाय त्यात मासा घालायचे नाहीत. तुझी आई भांडायची, अंगणभर पातेली मांडली म्हणून.

भाची : म्हणूनच रंग गेल्यावर त्यांनी नदीवर मोटर बसवली. नदीत कुठून येणार क्लोरीन? आपल्या पाइपाच्या खाली तीनशे पावलांवर.

मामा : दोन वर्षांपूर्वी.

भाची : दोन वर्षांपूर्वी.

मामा : म्हणजे तिकडे मी मगाने ओततोय आणि इकडे मी बादलीने वाचवतोय.

भाची : हो.

मामा : एकच माणूस.

भाची : स्टूल घे. बस.

मामा : बसतो. तो पंखा लाव जरा.

भाची : लावला.

मामा : पण दहा जीव डोळ्यांसमोर मरताना बघायचे, हे तरी बरोबर आहे का? तुमचं शास्त्र काय म्हणतं?

भाची : मलाही नाही बघवत. पण तेव्हा ते मेले असते तर त्याच आठवड्यात कुणीतरी क्लोरीन मोजला असता. मग निम्मा केला असता. मागचा हौद रिकामा पडलाय, पाणी एक दिवस तिथे थांबवून मग सोडलं असतं. एवढंच. मोठं काही नव्हतंच. तू दहा वाचवलेस, मामा, आणि नदीत किती गेले ते मोजायला कुणी टाकी ठेवली नव्हती.

(दार ढकलून मॅनेजर साहेब आत येतात, रिकामं स्टूल ओढून बसतात.)

साहेब : काय, मॅडम? झाली का सही? चार वाजता मेल जायला हवा. मोठ्या साहेबांचे दोन फोन येऊन गेले.

भाची : नाही झाली, साहेब.

साहेब : पेन देऊ का?

भाची : पेन आहे. टाकीतलं पाणी आपलं नाही.

साहेब : आपलं नाही म्हणजे? कुणाचं आहे?

मामा : बोअरवेलचं आहे, साहेब. मासे पास झाले नाहीत. मी पास केले. दीड वर्ष. प्रत्येक वेळी.

साहेब : मामा, मी अजून आत आलेलो नाही.

मामा : तुम्ही स्टुलावर बसला आहात, साहेब.

साहेब : मी दाराबाहेर आहे आणि मला काही ऐकू आलेलं नाही. तुम्ही हे वाक्य मागे घ्या, मग मी आत येतो आणि विचारतो, झाली का सही.

भाची : मी सांगते मग, साहेब. मामांनी... म्हणजे प्लांट ऑपरेटरांनी चाचणीच्या टाकीतलं पाणी बदललं. त्यामुळे ही चाचणी रद्द धरावी लागेल. बाहेर जाणाऱ्या पाण्यात क्लोरीन खूप जास्त आहे. ही बाटली बघा.

साहेब : छान रंग आहे. आता तो सिंकमध्ये ओता.

भाची : ओतते. मग तोही नदीतच जाईल.

साहेब : मॅडम, तुम्ही नवीन आहात. एक गोष्ट लक्षात ठेवा. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये.

भाची : तेच तर झालंय, साहेब. दोन वर्षं.

साहेब : मला म्हण नका समजावू. हा कागद गेला नाही तर काय होईल माहितेय? नोटीस. मग तपासणी. मग लोक बातम्या वाचून गेटवर. तीनशे माणसं कामाला आहेत इथे.

भाची : बंद करा असं कुठे म्हणतेय मी? क्लोरीन पाटीवर लिहिल्याएवढाच घालायचा. शिवाय मागचा हौद धुऊन घ्यायचा, पाणी एक दिवस तिथे थांबवायचं. मी मोजते, चांगलं असेल तर सोडायचं. मग नव्या माशांवर नवी चाचणी. कागद दहा दिवस उशिरा जाईल, पण खरा जाईल.

साहेब : आणि आजच्या कागदावर काय लिहिणार?

भाची : चाचणी रद्द. कारण, टाकीतलं पाणी बदललं गेलं.

साहेब : कुणी बदललं, असं विचारतील.

भाची : कर्मचाऱ्याच्या अनवधानाने, असं...

मामा : अनवधान कसलं. चांगलं ध्यान देऊन बदललं. माझं नाव लिही, पूर्ण. आणि चष्मेवाल्यांना त्यात ओढू नकोस. त्यांनी फक्त मासे मरू देऊ नका म्हणून सांगितलं होतं. अक्कल माझी होती.

साहेब : मामा, आठ महिने राहिलेत तुमचे. तुम्हाला कळतंय का? आठ महिन्यांनी हार घालून, भाषण करून निरोप देणार होतो आम्ही तुम्हाला.

मामा : भाषणात काय बोलणार होतात?

साहेब : हेच की... प्लांट सांभाळला, एकही तक्रार नाही.

मामा : मग बरं झालं आधीच कळलं. खोटं भाषण ऐकायला मला नाही आवडत. खोटं वागायला जमतं, ऐकायला नाही.

साहेब : तुम्ही दोघं नात्यातले आहात, हे मला पहिल्या दिवशी आवडलं नव्हतं.

भाची : म्हणूनच लिहितेय, साहेब. नातं नसतं तर मीही कदाचित मीटर जुना आहे म्हटलं असतं.

साहेब : मला एक तास द्या. मी विचार... नाही, विचार नको करायला. विचार केला की मी तुम्हाला सही करायला लावीन. मी मोठ्या साहेबांना फोन करतो. तो बिनसहीचा कागद द्या इकडे. आणि मामा.

मामा : जी.

साहेब : क्लोरीनचा मग कुठे ठेवता तुम्ही?

मामा : शेवटच्या टाकीजवळ, खिळ्याला.

साहेब : आणून माझ्या टेबलावर ठेवा. आजपासून मी मोजून देईन. हे मात्र मी आत आल्यावर बोललो, असं धरा.

मामा : गेला बिचारा. शिव्या खायला गेला. तोंड बघितलंस? त्या पहिल्या दिवशीच्या माशांसारखं.

भाची : तू चांगलं बोललास.

मामा : फार उशिरा बोललो. त्याला चांगलं नाही म्हणत. नवी परीक्षा कधी?

भाची : हौद धुऊन झाला की. दुकानातून दहा नवे मासे आणायचे. त्यांना नावं ठेवायची नाहीत.

मामा : आणि तुटक्या?

भाची : एकदा बसलेला पुन्हा बसवायचा नाही. नियमच आहे.

मामा : चांगला नियम आहे. तुमच्या शास्त्रातला हा पहिलाच नियम मला आवडला.

भाची : आता बाबांना फोन कर.

मामा : मी? तू कर. तू लेक आहेस. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना बरं वाटेल.

भाची : माझ्या तोंडून काय ऐकायचं? मी त्यांना काही म्हटलं नव्हतं.

मामा : संध्याकाळी करतो. आत्ता ते झोपलेले असतील.

भाची : आत्ता ते टाक्या घासतायत. दुपारी कधी झोपलेत ते?

मामा : माझी आई असती तर म्हणाली असती, मामाला असं कोपऱ्यात गाठायचं नसतं.

भाची : आजी असती तर तिने कानाला धरून नंबर लावून दिला असता. घे. लावलाय मी. वाजतोय.

मामा : अगं, थोडं पाणी तरी पिऊ दे. हॅलो. दाजी? मी बोलतोय. मी म्हणजे मी. हो, कामावरूनच. नाही, ती बरी आहे, इथेच आहे, माझ्याकडे डोळे वटारून बघतेय. दाजी, सोमवारी मोटर लावू नका. नाही, मोटरीला काही झालेलं नाही. पाण्याला झालंय. ऐकून घ्या जरा, मध्ये बोलू नका, मध्ये बोललात तर मला पुन्हा जमायचं नाही. आमच्या पाण्यात क्लोरीन जातो. हो, क्लोरीन. दोन वर्षं झाली. मीच घालत होतो. आणि ते मासे, तुमचे, मी म्हणालो होतो ना टुणटुणीत आहेत, ते त्या पाण्यात नव्हतेच. मी त्यांना बोअरचं पाणी घालत होतो. दाजी? आहात ना? तुमच्या हाताचं काही नव्हतं. तेव्हाही नव्हतं. मी दवाखान्यात बोललो ते... हो. हो. सगळे होते तेव्हा, माहितेय मला. सगळ्यांसमोर पुन्हा सांगेन म्हणाल तर सांगेन. हॅलो? हां. आहे की. तोही आहे. बरं. बरं. ठेवतो.

भाची : काय म्हणाले?

मामा : मागे नळ चालू होता, तो बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, म्हणजे तिसऱ्या वेळी मी खाणं जास्त घातलं म्हणून नव्हे ना? म्हटलं, नव्हे.

भाची : दीड वर्ष तेच धरून बसले होते ते. खाणं जास्त घातलं.

मामा : मग विचारलं, शेपटी तुटलेला एक होता, तो आहे का. म्हटलं, आहे. तर म्हणाले, त्याची परीक्षा संपली असेल तर त्याला घरी पाठवून द्या.

भाची : आणि तुझं?

मामा : माझं काही बोलले नाहीत.

भाची : म्हणजे ये असंही नाही?

मामा : नाही. पण मासा काही चालत जायचा नाही, पोरी. कुणीतरी घेऊन जावंच लागेल.